वजन नको, हात मोजा

टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये सामानाचे बारीक नियम असावेत की नसावेत, हा वाद कायम दोन टोकांवर अडकतो. एक बाजू म्हणते, बाण किती उरले आणि दोरी किती पौंडांची हे मोजत बसायचं असेल तर तो खेळ कसला, ती तर हिशेबाची वही. दुसरी बाजू म्हणते, पाठीवर वाटेल तेवढं लादता येत असेल तर भुयारात उतरण्यात धोका उरला कुठे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोघंही ‘सामानाचे नियम’ ही एकच गोष्ट आहे असं धरून चालतात, आणि गडबड तिथेच होते.

यात खरं तर तीन वेगळे प्रश्न आहेत. किती नेता येतं? हवी ती वस्तू या क्षणी हातात आहे का, नसली तर यायला किती वेळ लागेल? आणि ती कधी संपते? माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या प्रश्नाला जितका कमी तपशील तितकं चांगलं. दुसऱ्याला सध्या मिळतो त्याहून बराच जास्त तपशील हवा. तिसऱ्याचा नियम ठेवायचा तो टेबलावर वेळ मोजली जात असेल तरच.

वजनापासून सुरुवात करू, कारण लोक सगळ्यात जास्त त्यावरच वैतागतात.

वजनाचा नियम मुळात निरर्थक नव्हता. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) हा असा खेळ १९७४ साली आला तेव्हा ओझं सोन्याच्या नाण्यांत मोजायचे. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत हे गणित फार सुबक बसलं होतं. दहा नाण्यांचं एक पौंड. ओझं ४०० नाण्यांपर्यंत असेल तर पात्र एका टर्नमध्ये १२० फूट चालतं, ६०० पर्यंत ९० फूट, ८०० पर्यंत ६० आणि १६०० पर्यंत फक्त ३०. टर्न म्हणजे दहा मिनिटं. मशाल सहा टर्न जळते. दर दोन टर्नांनी गेम मास्टर (खेळ चालवणारा) सहा पैलूंचा फासा टाकतो आणि एक पडला तर भटकणारा एखादा शत्रू समोर येतो. शिवाय बाहेर आणलेल्या खजिन्यातल्या एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभवगुण (असे गुण साठले की पात्र पुढच्या लेव्हलला जातं).

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. परतीची वाट ४८० फुटांची आहे. हलक्या ओझ्याने ती चार टर्नांत संपते. फासा दोनदा पडतो, म्हणजे वाटेत निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के. ६० फुटांच्या वेगाने आठ टर्न, चार फासे, ५२ टक्के. पिशव्या गच्च भरून ३० फुटांच्या वेगाने निघालात तर सोळा टर्न, आठ फासे, शक्यता ७७ टक्के, आणि मशाली एकाऐवजी तीन. जे नाणं ओझं वाढवतं तेच नाणं पुढची लेव्हलही देतं. म्हणून खजिन्याच्या पेटीपुढे उभं राहिल्यावर ‘किती उचलायचं?’ हा त्या खेळातला सगळ्यात रंगतदार प्रश्न होता.

पुढच्या आवृत्त्यांत वजनाचा नियम राहिला, पण त्याचे सोबती एकेक करून गेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्राच्या ताकदीच्या आकड्याच्या पंधरापट पौंड नेता येतात. ताकद १६ असलेला लढवय्या घ्या. साखळी चिलखत ५५ पौंड, ढाल ६, लांब तलवार ३, दोन हातकुऱ्हाडी मिळून ४ आणि एक्सप्लोरर्स पॅक (प्रवासाच्या सामानाचा तयार संच) ५९. झाले १२७. मर्यादा २४०. अजून ११३ पौंड मोकळे आहेत आणि या आवृत्तीत ५० नाण्यांचं एक पौंड होतं, म्हणजे ५६५० नाणी सहज मावतात. अनुभवगुण सहसा शत्रू हरवून किंवा कथेतले टप्पे गाठून मिळतात, नाण्यांवर नाही. भटक्या संकटांचा फासाही बहुतेक टेबलांवर कुणी टाकत नाही. मग शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) वजनाचा रकाना भरून कोणता निर्णय बदलतो? कोणताच नाही.

त्याच पुस्तकात ऐच्छिक कडक नियम आहे. ताकदीच्या पाचपटीवर गेलात की वेग १० फुटांनी कमी. दहापटीवर गेलात की २० फुटांनी कमी, आणि ताकद, चपळाई, तब्येत यांच्या सगळ्या फाशांवर डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा). आपल्या लढवय्याला हा नियम लावला तर ८० पौंडांची रेघ त्याने घरातून निघतानाच ओलांडलेली असते. वेग ३० ऐवजी २०, तोही कायमचा. वर्षानुवर्षं असंच चालतं: सैल नियम कधी लागत नाही आणि कडक नियम सतत लागून राहतो. दोन्हीकडे खेळाडूला निवड करायला जागाच मिळत नाही.

‘पण आता बेरीज ऑनलाइन शीट करतं, मग त्रास काय?’ हा युक्तिवाद हमखास येतो. बेरीज करणं हा त्रास होताच, पण तो मुख्य त्रास नव्हता. आकडा खेळाडूच्या डोळ्यांपुढे नसतो आणि १२७ चे १३७ झाले तर काय बिघडलं हे कुणालाच जाणवत नाही. यंत्राने बेरीज झटपट केली म्हणून निर्णय जन्माला येत नाही.

म्हणून स्लॉट. एक वस्तू, एक चौकोन. आकडे लहान असतात, त्यामुळे शेवटचे दोन चौकोन उरले की अख्ख्या टेबलाला कळतं. नेव्ह या खेळात स्लॉट तब्येतीवर ठरतात. शॅडोडार्कमध्ये ताकदीचा आकडा किंवा दहा, यांतला मोठा धरतात. केर्नमध्ये सगळ्यांना सरसकट दहा, आणि दहाच्या दहा भरले की हिट प्रोटेक्शन (घाव अंगावर येण्याआधी झेलणारे गुण) थेट शून्यावर येतं. हा शेवटचा नियम मला विशेष आवडतो. शिक्षा वेगात दहा फुटांची घट अशी नाही. ‘दहावी वस्तू उचललीस तर पुढचा घाव सरळ अंगावर’ हे एका वाक्यात समजतं आणि लगेच भीती वाटते. केर्नमध्ये थकवासुद्धा एक स्लॉट खातो, त्यामुळे दमलेल्या पात्राला काहीतरी टाकून द्यावं लागतं. एकाच चौकोनात दोन नियम बसले.

हात

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं त्या प्रश्नाकडे येऊ. कोणत्या हातात काय आहे?

एक प्रसंग घ्या. पुढे चालणाऱ्या पात्राच्या डाव्या हातात मशाल, उजव्या हातात तलवार. शेजारचा साथीदार खड्ड्यात घसरून कडेला लोंबकळतोय. दोरी सॅकमध्ये आहे. समोर दोन गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस.

हातांचा कोणताही नियम नसेल तर खेळाडू म्हणतो, ‘मी दोरी काढून त्याच्याकडे फेकतो.’ गेम मास्टर म्हणतो, बरं. पुढच्या पाळीत तोच खेळाडू तलवारीने वार करतो आणि मशालही जळतच असते. तीन हात लागले, पण कुणी विचारलं नाही. प्रसंगात केवढा पेच होता! मित्र, उजेड आणि शस्त्र यांतलं काय सोडायचं? तो पेच आला आणि न दिसताच गेला.

२०१४ च्या डीअँडडीमध्ये दर पाळीला एक वस्तू फुकट हाताळता येते आणि दुसरीला पूर्ण ॲक्शन (त्या पाळीतलं मुख्य काम) लागते. तलवार म्यानात घालणं ही पहिली, दोरी काढणं ही दुसरी, म्हणजे दोरी फेकायला ॲक्शन उरत नाही. इथवर उत्तम. पण तलवार नुसती खाली सोडायला काहीच लागत नाही असं बहुतेक टेबलांवर धरतात. मग फुकटची हाताळणी दोरीसाठी आणि ॲक्शन फेकण्यासाठी, काम झालं. त्यातच, फुकट हाताळणीच्या उदाहरणांत पुस्तकाने म्यानातून तलवार काढणं आणि सॅकमधून औषधाची बाटली काढणं एकाच यादीत ठेवलंय. म्हणजे कमरेला लावलेलं आणि पाठीवरच्या सॅकच्या तळाशी असलेलं, दोन्ही सारखंच. वस्तू कुठे ठेवायची याचा विचार करणाऱ्या खेळाडूला काही फायदा नाही.

पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच प्रसंग किती वेगळा होतो बघा. पाळीत तीन ॲक्शन. हातातलं सोडणं फुकट. सॅकमधून वस्तू काढायला दोन्ही हात मोकळे लागतात आणि अंगावरची सॅक आधी वेगळ्या ॲक्शनने उतरवावी लागते. म्हणजे तलवार सोडा, मशाल सोडा, एका ॲक्शनमध्ये सॅक उतरवा, दुसरीत दोरी काढा, तिसरीत फेका. पाळी संपली. तलवार, मशाल आणि सॅक तिन्ही जमिनीवर आणि गॉब्लिन समोर. शिवाय वस्तू हाताळण्याच्या ॲक्शनवर काही शत्रूंना मध्येच वार करता येतो. तीच दोरी कमरेला लावलेली असती तर? तलवार सोडून एका ॲक्शनमध्ये दोरी, दुसरीत फेक. मशाल हातातच राहिली आणि एक ॲक्शन शिल्लक. मुक्कामावर निवांत बसून ‘दोरी कुठे ठेवू?’ असं ठरवलेलं दोन तासांनी कुणाचा तरी जीव वाचवतं. बारीक नियमाची किंमत अशी वसूल व्हायला हवी.

पाथफाइंडरचे सगळे हाताचे नियम मात्र उचलून दुसऱ्या खेळात नेऊ नयेत. दोन हातांच्या तलवारीवरून एक हात काढणं फुकट, पण तो परत ठेवायला एक ॲक्शन. खऱ्या आयुष्यात याला अर्धा सेकंदही लागत नाही. तिथे हा नियम बसतो, कारण ॲक्शन हेच त्या खेळातलं चलन आहे आणि एक हात मोकळा ठेवून लढणाऱ्या पात्राला त्याचा मोबदला मिळायला हवा. पाळीला एकच ॲक्शन असलेल्या खेळात हाच नियम घातला तर दार उघडायला अख्खी पाळी जाईल. २०२३ च्या सुधारित पुस्तकांत पाथफाइंडरवाल्यांनीही थोडी ढील दिली: एक वस्तू ठेवून दुसरी काढणं आता एकाच ॲक्शनमध्ये होतं.

हातांचा नियम अर्धवट ठेवला तर काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डीअँडडीच्या क्लेरिकमध्ये, म्हणजे देवतेच्या बळावर मंत्र म्हणणाऱ्या पात्रात, सापडतं. एका हातात गदा, दुसऱ्यात देवतेचं चिन्ह कोरलेली ढाल. मंत्राला हातवारे आणि सामग्री दोन्ही लागत असेल तर ढालीचाच हात चालतो. नुसते हातवारे लागत असतील, सामग्री नसेल, तर मोकळा हात हवा. जखम भरणारा क्युअर वून्ड्स नेमका दुसऱ्या प्रकारचा. म्हणजे जास्त सामग्रीचा मंत्र हात भरलेले असताना जमतो आणि साधा मंत्र अडतो. मग खेळाडू पळवाट काढतात: गदा खाली टाकायची, मंत्र म्हणायचा, फुकटच्या हाताळणीने गदा उचलायची. अक्षरशः नियमात बसतं. पाळीच्या शेवटी सगळं होतं तसंच, फक्त दोन वाक्यं जास्त बोलली गेली. इथे दोनच मार्ग प्रामाणिक आहेत. खाली पडलेली वस्तू लढाईत उचलायला पूर्ण ॲक्शन लावा, नाहीतर हात भरलेले असतानाही मंत्र चालतो असं जाहीर करून मोकळे व्हा. मधली अवस्था सगळ्यात वाईट. तिथे ज्याने पुस्तक बारकाईने वाचलं तो जिंकतो आणि ज्याने वाचलं नाही त्याच्या क्लेरिकला विनाकारण अडून राहावं लागतं.

डीअँडडीच्या २०२४ च्या आवृत्तीत दर वाराबरोबर एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं. औषधाची बाटली प्यायला पूर्ण ॲक्शनऐवजी बोनस ॲक्शन (पाळीतलं जादा छोटं काम) पुरते. औषधाचा बदल मला पटतो. साथीदाराला सावरण्यात आख्खी पाळी घालवायची म्हणून पूर्वी बाटल्या शीटवरच सडायच्या. शस्त्रांचा बदल तितका पटत नाही. प्रत्येक शस्त्राला आता आपला वेगळा गुण आहे, कुणी पाडतं, कुणी ढकलतं. त्यामुळे दर वाराला शस्त्र बदलणं हीच शहाणी चाल ठरते, आणि कोणतं शस्त्र कोणत्या हातात हे दर वाराला सांगत बसावं लागतं. तपशील वाढला, निवड वाढली नाही, कारण योग्य क्रम एकदा सापडला की दर पाळीला तोच.

तपास आणि भयाच्या खेळांत वजन कुणी विचारत नाही, तरी हातांचा आणि वेळेचा नियम तिथेही कामाचा. कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या आवृत्तीत एका फेरीत दोन गोळ्या भरता येतात. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर रिकामं झालं तर पूर्ण भरायला तीन फेऱ्या. भयकथेत तीन फेऱ्या म्हणजे फार मोठा काळ, आणि म्हणून चौथी गोळी झाडताना खेळाडूचा हात अडखळतो. तिथे ओझ्याचा तक्ता कुणालाच आठवत नाही.

संपणाऱ्या वस्तू

मशाली, बाण, अन्न, पाणी, हवा. यांचा हिशेब ठेवायचा की नाही, याची एक सोपी चाचणी आहे. गेम मास्टरला विचारा, ‘आत्ता खेळात किती वाजले?’ उत्तर देता आलं नाही तर मशाली मोजू नका. दहा मिनिटांची नोंद कुणी ठेवतच नसेल तर मशाल कधी विझायची? गेम मास्टरला आठवेल तेव्हा. आणि त्याला नेमकं तेव्हाच आठवतं जेव्हा त्याला अंधार हवा असतो. खेळाडूंना हे लगेच कळतं आणि त्यांचा नियमावरचा विश्वास उडतो, तो परत मिळवणं अवघड जातं.

वेळ मोजायला फार काही लागत नाही. कागदावर सहा चौकटींची रांग काढा, दर दहा मिनिटांच्या कामाला एक खूण करा: एक खोली नीट शोधली, कुलूप उघडलं, जखमा बांधल्या. रांग भरली की मशाल विझली. शॅडोडार्कने वेगळा मार्ग घेतला, तिथे मशाल प्रत्यक्ष घड्याळातला एक तास जळते. टायमर टेबलावर ठेवला की खेळाडू रेंगाळत नाहीत, हे खरंच. पण आधी दोन गोष्टी ठरवून घ्या. कुणी उठून गेलं किंवा नियम शोधायला पुस्तक उघडलं की टायमर थांबवायचा. आणि लांब प्रवास झाला की खेळातल्या वेळेप्रमाणे मशाली वजा करायच्या. हे ठरलेलं नसेल तर नियमावर वाद घालतानाच अर्धी मशाल जळून जाते आणि भांडण नियमावरून उजेडावर येतं.

बाण आणि इतर किरकोळ वस्तूंसाठी द ब्लॅक हॅक या खेळाने लोकप्रिय केलेला वापराचा फासा चांगला आहे. वस्तूला आकड्याऐवजी फासा असतो. वापरल्यावर तो टाकायचा, १ किंवा २ आला तर फासा एक पायरी खाली: २० वरून १२, मग १०, ८, ६, ४. चार पैलूंच्या फाशावर १ किंवा २ आला की वस्तू संपली. याचं गणित छान सुटतं. प्रत्येक पायरीवर सरासरी पैलूंच्या निम्म्या वेळा फासा टाकता येतो. म्हणजे ६ च्या फाशापासून सुरुवात केली तर ३ अधिक २, सरासरी पाच वेळा. ८ पासून नऊ वेळा, १० पासून चौदा, १२ पासून वीस, २० पासून तीस. भात्याला ८ चा फासा दिला आणि दर लढाईनंतर एकदा टाकला तर तो साधारण नऊ लढाया पुरतो. दर बाणाला टाकलात तर दोन लढायांत भाता रिकामा, आणि फासे टाकण्यातच वेळ जातो. तेव्हा फासा लढाईनंतरच.

पण उजेडासाठी हा फासा मी वापरणार नाही. सरासरी पाच असली तरी ६ चा फासा पहिल्या दोन टाकांतच संपण्याची शक्यता सहात एक आहे. बाणांच्या बाबतीत असा धक्का मजा आणतो. उजेडाच्या बाबतीत तो नियोजनच मारतो. ‘तीन मशाली उरल्यात, एक जायला, एक यायला, एक हाताशी’ हे वाक्य खेळाडूंना बोलता आलं पाहिजे. परत फिरायचं कधी, हा निर्णय मोजक्या मशालीच देतात, फासा देत नाही. माउसरिटर या खेळात हा फरक नेमका पाळलाय: मशालीवर सहा टर्नांनी ठरलेली खूण, शस्त्र आणि चिलखताला मात्र लढाईनंतर सहा पैलूंचा फासा, आणि ४ ते ६ आला तरच खूण. तीन खुणा झाल्या की ते शस्त्र किंवा चिलखत कामातून गेलं.

अन्नाचा हिशेब सहसा टाकूनच द्यावा, प्रवास हाच कथेचा विषय असेल तेवढा अपवाद. डीअँडडीच्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीचा गुडबेरी मंत्र दहा जणांचं दिवसाचं जेवण देतो, आणि लाइट हा कॅन्ट्रिप (कितीही वेळा म्हणता येणारा मंत्र) तासभर फुकट उजेड. गटात हे दोन असताना शिधा आणि मशाली मोजणं म्हणजे नुसती लिखापढी. मोजायचंच असेल तर मोहीम सुरू होण्यापूर्वी हे दोन मंत्र बंद किंवा महाग करा, आणि तसं सगळ्यांना आधी सांगा.

टेबलावर कसं बसवायचं

मी सुचवेन ती रचना अशी. एकूण दहा स्लॉट, त्यात ताकदीचा मॉडिफायर (ताकदीच्या आकड्यावरून ठरणारी वाढ किंवा घट: १६ ला +३, ८ ला −१) मिळवा किंवा वजा करा. दोन स्लॉट हात, तीन अंगावर, म्हणजे पट्टा, म्यान, खांद्याचा पट्टा. उरलेले सॅकमध्ये. चिलखत अंगावर असलं तरी त्याची किंमत सॅकमधून कापा: हलकं एक, मध्यम दोन, जड तीन. दोन हातांचं शस्त्र दोन स्लॉट. तीन मशाली, वीस बाण, तीन दिवसांचा शिधा, ५० फूट दोरी किंवा शंभर नाणी, प्रत्येकी एक. कपडे, पांघरूण, चमचा-वाटी मोजू नका.

हातातली वस्तू वापरायला काही लागत नाही. अंगावरून हातात घेणं दर पाळीला एकदा फुकट. सॅकमधून काढायला पूर्ण ॲक्शन आणि दोन्ही हात मोकळे. टाकून देणं फुकट, पण लढाईत जमिनीवरून उचलायला पूर्ण ॲक्शन. साथीदाराला देताना घेणाऱ्याचा हात मोकळा हवा.

हे मघाच्याच लढवय्यावर लावून बघा. ताकद १६ म्हणजे तेरा स्लॉट. हातात तलवार आणि ढाल, अंगावर दोन हातकुऱ्हाडी आणि एक औषधाची बाटली. सॅकचे आठ, त्यातून साखळी चिलखताचे तीन गेले, पाच उरले: दोरी, शिधा, मशाली, आणि खजिन्यासाठी दोन रिकामे. दोनशे नाणी, बस्स. आणि मशाल धरायला त्याचा हातच मोकळा नाही! ती कुणीतरी दुसऱ्याने धरायची. ताकद ८ असलेल्या जादूगाराला नऊ स्लॉट, त्यातले चार सॅकमध्ये, पण त्याचा एक हात मोकळा. गटात उजेडाची जबाबदारी आपोआप त्याच्याकडे जाते, आणि शत्रूही मग त्याच्यावरच नेम धरतात.

शीटवर लिहून खोडण्यापेक्षा कागदाच्या चिठ्ठ्या कापा. एका स्लॉटला एक चिठ्ठी, दोन स्लॉटच्या वस्तूला दुप्पट लांब. शीटवर हात, अंग, सॅक असे तीन भाग आखून चिठ्ठी त्या त्या जागी ठेवा. मशालीच्या चिठ्ठीवरच सहा चौकटी. मशाल मित्राला दिली की चिठ्ठी टेबलावरून सरकते आणि उजेड कुणाकडे आहे हे विचारावं लागत नाही. ऑनलाइन खेळत असाल तर सगळ्यांना दिसेल असं एकच सामाईक पान ठेवा. प्रत्येकाची इन्व्हेंटरी वेगळ्या खिडकीत दडलेली असेल तर यातलं काहीच चालत नाही.

नियम फसतो तो बहुतेकदा एका सवयीमुळे. गेम मास्टर ‘हातात काय आहे?’ हे फक्त सापळा उडाल्यावर विचारतो. मग खेळाडू साहजिकच सोयीचं उत्तर देतो आणि पुढची दहा मिनिटं घासाघीस. हा प्रश्न दर वेळी, नव्या दारापाशी, काही घडणार नसतानाही विचारा. वीस सेकंद लागतात. विचारलं म्हणजे धोका आहेच असं खेळाडूंना वाटेनासं झालं की ते खरी उत्तरं देऊ लागतात.

बारीक वस्तूंवरून ओढाताण होते: खडू, सुई, मेणबत्तीचा तुकडा. त्यांच्यासाठी ‘किरकोळ’ नावाचा एकच स्लॉट, पाच वस्तूंपर्यंत. खेचर किंवा हमाल आणायला हरकत घेऊ नका. खेचराला वीस स्लॉट द्या, पण ते शिडी उतरत नाही आणि हमालाने मशाल धरली तरी पळून जायला त्याचे दोन्ही पाय मोकळे असतात. ओझ्याचा प्रश्न सुटतो, त्या जागी राखण कोण करणार हा प्रश्न येतो, आणि तोही खेळण्यासारखा आहे.

एक मोठा अपवाद. ब्लेड्स इन द डार्कसारख्या खेळात पात्रं मुरलेले चोर आहेत. तयारी खेळाडूने नव्हे, पात्राने करून ठेवलेली असते. तिथे मोहिमेआधी फक्त ओझं निवडतात: हलकं तीन, साधारण पाच, जड सहा. आत काय आहे ते गरज पडेल तेव्हा सांगायचं. अशा खेळात वर सांगितलेली चिठ्ठ्यांची रचना आणू नका. खजिना नेणं हा तिथला प्रश्नच नाही. सुपरहिरो, राजदरबार, कौटुंबिक नाट्य यांनाही हेच लागू.

आणि बॅग ऑफ होल्डिंग, म्हणजे डीअँडडीतली जादूची पिशवी. २०१४ च्या पुस्तकात ५०० पौंड पोटात, स्वतःचं वजन १५. ती मिळाली की सामानाचे नियम संपले असं मानून सगळी रचना गुंडाळली जाते, पण तशी गरज नाही. पुस्तकाप्रमाणेच तिच्यातून वस्तू काढायला ॲक्शन लागते. सॅकच्या जागी ती ठेवा, आतले स्लॉट मोजणं सोडून द्या, आणि हात व अंगावरचे पाच स्लॉट होते तसेच राहू द्या. किती नेता येतं हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघतो. खड्ड्याच्या कडेला लोंबकळणाऱ्या साथीदाराला मात्र अजूनही दोरी एका ॲक्शनच्या अंतरावर आहे, आणि ती कमरेला लावली असती तर फुकट होती.